पाच

शिट्टीच्या पोटात एक मणी असतो,
बुचाचा, हरभऱ्याएवढा.
तीस वर्षं तो माझ्या तोंडून बोलला.
आता सदऱ्याच्या खिशात, सुट्या पैशांशेजारी;
जिना उतरलो की खुळखुळतो.

पंचगिरी शिकलो खडकीच्या लाल मातीवर.
चेंडू खड्याला लागून कुठेही जायचा,
बचाव म्हणून कोणी वेगळा करत नव्हतं, नुसती पळापळ,
आणि कारखान्याचा भोंगा झाला की
निम्मे प्रेक्षक डबा उचलून दुसऱ्या पाळीला.
चुकलो तर शिव्या,
तमिळमधून, मराठीतून, पलटणीच्या हिंदीतून.
घरी जाऊन झोप लागायची.

मग नेहरूनगरचं टर्फ.
सामन्याआधी पाण्याचे फवारे, पगारी खेळाडू,
भाड्याने आणलेले ढोल,
आणि कोच जोगळेकर, ज्यांचं एकच वाक्य:
एक गोल पुरे. उरलेलं कुलूप.

त्या शनिवारी कुलूप लागलं सतराव्या मिनिटाला.
मध्यंतरानंतर बाजू बदलल्या
आणि ते माझ्या अर्ध्यात आलं.
नऊ जणी डीच्या कडेने,
रॉकेलच्या रांगेसारख्या,
जागा सोडायला कोणी तयार नाही.

समोरून मंदाकिनी टेकाम.
चंद्रपूरकडची, काटकुळी.
ताकात रवी फिरावी तसं मनगट.
ती वळली की शेंगदाणे खाणारा माणूस
चावायचा थांबे.
आणि दर वेळी, ती मारणार इतक्यात,
रोझलिन मुत्तूची स्टिक तिच्या स्टिकवर,
हळूच,
दुपारी कोणी झोपलेलं असताना कडी लावावी तशी.
माझ्या नजरेआड नव्हे, बरं का. नजरेसमोर.

पहिल्यांदा शिट्टी मारली.
दुसऱ्यांदा हिरवं कार्ड.
दोन मिनिटं ती बाहेर बसली, पाणी प्यायली,
परत आली
आणि हात आणखी हलका केला.
हे मीच तिला शिकवलं म्हणायचं.

प्रत्येक कडीला शिट्टी मारावी
तर लग्नात आहेर पुकारतात तसा सामना,
दर अर्ध्या मिनिटाला थांबणारा.
न मारावी,
तर जिला बघायला लोक रिक्षा करून आले
तीच दाराआड.
वरून सूचना होती: खेळ वाहता ठेवा,
टीव्हीवर थांबलेलं बरं दिसत नाही.
ठेवला वाहता.
तुंबलेलं वाहतं कसं ठेवतात,
ते सूचनेत नव्हतं.

भाचा एडमंटनला असतो. फोनवर म्हणाला,
मामा, इकडे बर्फावरही तेच.
मधल्या पट्ट्यात पाच जण सापळा लावून उभे,
पंच खिशात हात घातल्यासारखे,
आणि माझं तिकीट किती डॉलरचं, विचारू नकोस.
मी विचारलं नाही. त्याने सांगितलंच.

चौथ्या सत्रात ढोलवाले आपसात बोलत होते.
एक पोरगं कठड्यावर हनुवटी ठेवून:
बाबा, ह्या खेळणार कधी?
बाबा फोनमध्ये.
एक–शून्य.
जोगळेकरांनी फळीवरच्या चकत्या गोळा करून डबीत भरल्या,
सोंगट्या आवराव्या तशा.

खरं सांगू?
रोझलिनचा तो हलका हात बघण्यासारखा होता.
अख्ख्या मैदानात तो बघणारा
मी एकटा होतो,
आणि माझं काम
तो पकडायचं होतं.

बाहेर बसच्या पायरीवर ती बसलेली,
गुडघ्याला बर्फाची पिशवी.
पलीकडच्या बसमध्ये मंदाकिनी, डोळे मिटून,
मनगट मात्र मांडीवर चाललेलं.
मी मान खाली घालून निघालो होतो.
"सर," रोझलिन म्हणाली, "आज तीनदा सोडलंत मला."
"पाचदा," मी म्हणालो.

ती बोटांवर मोजायला लागली.
चौथ्यावर अडली.
बसने हॉर्न दिला तरी
अंगठा तसाच उघडा धरून
ती आठवत होती.