साखर चलती

रात्री साडेबाराला सोनेगावला चार विमानं उतरायची,
दिल्लीचं, मुंबईचं, कलकत्त्याचं, मद्रासचं.
टपालाच्या थैल्या आपसांत बदलायच्या
आणि अडीचच्या आत जिकडची तिकडे.
अख्ख्या देशाची पत्रं
आमच्या धावपट्टीवर एकमेकांना ओलांडून जायची.

मी कँटीनला होतो. निनावे.
हसू नको, आडनावच आहे ते.
टिमकीत आमच्या गल्लीत दर तिसरं घर निनाव्यांचं
आणि घराघरात माग.

लढाई लागली त्या हिवाळ्यात
काचांना काळा कागद चिकटवला, खळ मीच शिजवली.
तेव्हापासून ते दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसू लागले.
एक दिल्लीच्या विमानातून उतरायचा,
दुसरा मद्रासच्या.
तो कोलंबोवरून फिरून येतो, ढोबळे सॉर्टर कुजबुजला,
आणि लगेच म्हणाला, मी काही बोललो नाही बाप्पा.

दिवसा रेडिओवर दोन्ही बाजू
एकमेकांची विमानं पाडून राहिल्या होत्या.
रात्री हे दोघं एका बशीतून संत्रं खायचे.
दिल्लीवाला साल एकसंध काढायचा, न तुटता.
मद्रासवाला बिया बशीच्या काठावर ओळीने मांडायचा.
एकदा त्याने त्यांचे दोन ढीग केले.
दिल्लीवाल्याने एक बी उचलून इकडची तिकडे ठेवली,
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
ते गेल्यावर मी टेबल पुसलं.
त्या फडक्यात किती गावं आली, मला काय ठाऊक.

चौथ्या रात्री मद्रासचं विमान आलंच नाही वेळेवर.
दिल्लीवाल्याने दोन चहा मागवले,
एकावर बशी झाकून ठेवली.
अडीचला बाहेर पंखे फिरू लागले तसा उठला,
मला म्हणाला, "वो आएँ तो कहना,
शक्कर शायद चलेगी."
एवढंच.
'शायद'वर थांबला होता तो,
अंधारात पायरी चाचपताना थांबतो तसा.

मद्रासचं उतरलं पावणेतीनला.
तो जवळजवळ पळतच आला, रिकामी खुर्ची पाहिली.
मी म्हटलं, "साब, शक्कर चलती बोले वो."

चलती.
आमची टिमकीची हिंदी अशीच.
मागावरच्या माणसाला धागा असतो
नाहीतर तुटलेला असतो.
तिसरं काही आमच्या तोंडात बसत नाही.

"यही कहा? बिल्कुल यही?"
मी मान हलवली.
आमचा देवमन तेव्हा कुठल्या तरी खंदकात होता,
तेरा दिवस त्याचं कार्ड नव्हतं.
पण ते त्या वेळी मनात नव्हतं.
असलं तरी आठवत नाही.

तो बसला. थंड झालेल्या त्या चहात
तीन चमचे साखर टाकली, ढवळत राहिला,
प्यायला नाही.

त्यानंतर ते दोघं आले नाहीत.
पाचव्या दिवशी तोफा थांबल्या.
पेपरात मोठ्या लोकांचे फोटो, हार, हस्तांदोलनं.
देवमन मार्चमध्ये आला, डाव्या कानाने ऐकू येईना त्याला.
ढोबळे म्हणायचा, लढाया थकूनच थांबतात,
तुझ्या चहाने काऊन थांबतील?
असेल तसंही.
त्या टेबलावर साखर म्हणजे काय होतं,
कुणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.
मी फक्त एक शब्द खाल्ला,
आणि तो अजून पचला नाही.

आता डॉक्टरने साखर बंद केली आहे.
सून चहाचं आधण ठेवून विचारते,
बाबा, आज चिमूटभर चालेल का?
मी चटकन बोलत नाही.
मग म्हणतो, शायद.
ती हसते,
हिंदी काऊन बोलून राहिले म्हणते.