फ्रिजखालची गोळी

सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये बाबा पालथे पडले,
हात पसरून, कपाळ दगडाला टेकवून,
आणि गायकवृंद एकेका संताचं नाव घेऊ लागला
तेव्हा शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.
मला मात्र आमचा फ्रिज आठवला.

आईची दुपारची गोळी निसटून त्याच्याखाली गेली होती
आणि बाबा असेच, अगदी असेच,
फरशीला गाल लावून उलथन्याने चाचपत होते.
धूळ निघाली, एक बटण निघालं,
ब्राइसची दहा वर्षांपूर्वी हरवलेली गोटी निघाली.
गोळी काही निघाली नाही.

आम्ही खाडीवरची माणसं.
पाण्यात तराफे, तराफ्यांना दोर, दोरांना काळे शिंपले;
बाबांनी तीस वर्षं ते दोर वर ओढले.
चर्चला यायचे ते आईला सोडायला.
मिस्सा संपेपर्यंत बाहेर भिंतीला टेकून
कुणाचं तरी इंजिन दुरुस्त करून द्यायचे, तोंडी.

आई गेली त्या रात्री धुकं होतं.
फादर सेराफिन यांच्याकडे सात गावं आणि एकच धड डोळा.
ते आले पहाटे.
तोवर आईचे हात मी छातीवर जुळवून ठेवले होते,
ते गारही झाले होते.
बाबांनी त्यांना कॉफी दिली,
त्यांचे ओले बूट शेगडीजवळ मांडले,
बोलले काहीच नाहीत.
पुढची तीन वर्षं काहीच बोलले नाहीत.

मग नाताळच्या आदल्या रात्री, कॉडचे काटे काढता काढता:
"मी सेमिनरीत जातोय."
पाव आणायला जातोय, अशा आवाजात.
ब्राइस हसला. मग हसायचा थांबला.
काकांनी तराफ्यातला हिस्सा विकत घेतला,
पैसे मोजून टेबलावर ठेवले
आणि बोलणं तेवढं परत घेऊन गेले.

बिशपनी विचारलं म्हणे, मुलं मोठी झाली का?
बाबा म्हणाले, मुलं झाली, मीच व्हायचोय.
खरं-खोटं देव जाणे.
बाबा इतकं नेटकं कधी बोलत नाहीत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ग्रीक क्रियापदं.
वर्गातली पोरं तेविशीतली, त्यांच्या जाकिटांच्या चेन बसवून द्यायचे.
रात्री मला फोन:
"उशिया, लाल मोजा पांढऱ्यात धुतला गेला, आता?"
आता काय, बाबा. आता गुलाबी.

अंगठी निघाली नाही.
साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला;
दोरांनी जाड केलेलं बोट ते.
सोनार म्हणाला, कापतो. बाबा म्हणाले, राहू दे.
बिशपनी त्या तळव्यांना तेल लावलं
तेव्हा ती तिथेच होती.
आईला आवडलं असतं की नाही, मला ठरवता येत नाही.

आता सात गावं त्यांना फादर म्हणतात.
मला वाटेकरी नको होते.
हे मी त्यांच्याच जाळीपलीकडे गुडघे टेकून एकदा सांगितलं.
आतून बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाले, "हे पाप नाही, पोरी,"
आणि मग, धर्मगुरूने म्हणू नये असं,
"मलाही येतो राग."

परवा बाळाला ताप होता, मी रात्रभर फोन लावला.
उचलला नाही.
सकाळी स्वतःच दारात, गुडघ्यापर्यंत चिखल,
अंगाला अजून व्हॅनमधल्या शिंपल्यांचा वास.
डोंगरापलीकडे एक म्हातारी होती. धुकं होतं.
"वेळेत पोहोचलात?"
"आधीच निघालो होतो."
बाळाच्या कपाळावर हात ठेवून तिथेच उभे राहिले,
आशीर्वाद देताहेत की ताप बघताहेत, कळेना.

मी त्यांचे बूट शेगडीजवळ मांडले.
कॉफी ठेवली.
फ्रिज अजून तोच आहे.
अजून आम्ही कुणी तो हलवलेला नाही.