दगडाकडे बघायचं नाही

डिसेंबर. रविवार. पावणेसहा.
आरेतल्या तबेल्यांमागे शेणाचा ऊबदार वास,
आणि पास्कू माझ्या चाकांतली हवा काढतोय.
कालच भरून आणली होती मी, टणक.
अंगठ्याने दाबून तो म्हणतो, "अजून.
टायरला जमीन चाखता आली पाहिजे."

मरोळ गावठाणात त्याचं दुकान,
वर येशूची तसबीर, खाली ग्रीसचा डबा,
चाळीस वर्षं लोकांची पंक्चरं.
शिकवायची फी नाही.
फक्त रडायचं नाही, एवढी अट.
एकदा मोडली आहे मी.

सीट खाली. इतकी खाली की
माझी पोरगी हसली असती.
पेडल समांतर, टाचा जमिनीकडे,
कोपरं बाहेर, दारात उभ्या भांडखोर बाईसारखी.
ब्रेकवर एकेकच बोट.
उरलेल्यांनी हँडल धरायचं,
काठोकाठ भरलेली आमटीची वाटी धरतो तसं,
सांडू नये,
पण बोटंही पांढरी पडू नयेत.

या उताराला नाव नाही.
दगडाला आहे: मॅनेजर.
कुणी ठेवलं, कोणत्या ऑफिसातल्या रागाने, माहीत नाही.
वाटेच्या बरोबर मधे बसलेला,
काळा, रुंद, कपाळावर पांढरी रेघ.
डावीकडून हातभर जागा आहे.
साऱ्यांना माहीत आहे डावीकडून जागा आहे.
चार रविवार मी थेट त्याच्या मांडीवर.
नडगीवर पेडलच्या खिळ्यांनी काढलेली
सात टिंबं, एक काना.

"बघतेस कुठे?"
दगडाकडे.
"मग जाणार कुठे?"

आणि माझा धंदा चष्म्यांचा!
अंधेरीत, पडदा लावलेल्या खोलीत,
लोकांच्या नाकावर जड चौकट ठेवून विचारते,
आता बरं, की आधी बरं?
ज्या अक्षराची धास्ती घेतली
त्याच अक्षराशी माणसं अडतात,
हे मला वीस वर्षं ठाऊक आहे.
ठाऊक असलेलं कोपरांपर्यंत पोचत नाही.

पाचव्या रविवारी उताराच्या तोंडाशी
एक पाय टेकून उभी होते,
घसा कोरडा, उगाच गियर चाळवत,
तेवढ्यात मागून जानी वरठा आली, पाड्यावरची,
डोक्यावर फाट्यांची मोळी,
पायात झिजून कागद झालेल्या सपाता.
मी बाजूला झाले.
ती उतरली.
गुडघे सैल, कंबर आपल्या मनाने हलणारी,
पाय सुट्या खड्यांशी काहीतरी बोलत,
मोळी मात्र जागच्या जागी, भिंतीवरच्या घड्याळागत.
नजर दहा पावलं पुढे.
मॅनेजरकडे तिने पाहिलंही नाही.
डावीकडून गेली,
रात्री दिवा न लावता आपण
आपल्याच स्वैपाकघरात पाणी प्यायला जातो तशी.
खालून, मान न वळवता, म्हणाली,
"बाय, डांबरी रस्ता हाय ना तिकडं?"
आहे, म्हटलं.
"मंग?"

पास्कू हसू दाबायला खोकला.
उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

सोडली सायकल.
ब्रेक वळणाआधी, वळणात नाही.
मुळांवरून जाताना बोट उचल, उचल,
पार्श्वभाग मागे, सीटच्याही मागे,
सायकल खाली तडफडू दे, तिचं तिला,
आपण वर.
पलीकडे सागाचं एक पान लोंबत होतं, वाळकं, ताटाएवढं.
त्याच्याकडे बघितलं.
फक्त त्याच्याकडे.
खड्यांचा आवाज बदलला,
उजव्या पोटरीला काहीतरी गार लागून गेलं,
आणि पान माझ्या खांद्याला घासलं.

मग सपाट जागी,
जिथे सहा वर्षांचं पोरही पडणार नाही,
मी मागे वळून त्या दगडाकडे बघितलं.

करवंदीच्या जाळीत बसले आहे.
तळहातात काटा, कोपरावर पांढरा चीक,
वर पुढचं चाक फिरतंच आहे, टिकटिकत.
पास्कू सावकाश उतरून येतो, पायी.
मला उचलत नाही.
चाक थांबवतो,
टायरवर अंगठा ठेवतो, दाबतो, पुन्हा दाबतो.
"हवा," म्हणतो, "आता बरोबर आहे."