चिठ्ठीवर आईचं नाव

प्रेस्टविचहून पहाटे पाचला सुटलेली मिनीबस
वेल्सच्या डोंगरात शिरेपर्यंत उजाडलं,
म्हणजे म्हणायला उजाडलं.
अकरा बायका, मांडीवर तेहिलीमची पुस्तकं,
एक मिस्टर कॅट्झ,
आणि मी, मिल्का वाक्रूळकर,
मांडीवर मलिद्याचा डबा.
मिसेस टाउब विचारते, हे कुणाच्या देखरेखीखाली केलंय?
माझ्या, मी म्हणते.
ती हसते, पण हात लावत नाही.

मर्थरच्या वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या वाटेवर,
भिंतीआड रब्बी इसर निजलाय.
फेरीवाल्यांची पोरं शिकवायचा,
पोटासाठी घड्याळं दुरुस्त करायचा.
म्हणतात, ज्याचं घड्याळ त्याच्या हातात बंद पडलं
त्याच्या घरचं दुखणंही थांबलं.
प्रार्थनेपुरते दहा पुरुष सोडा,
त्या गावात आता आमच्यातला एकही नाही.
तेवेत महिन्यात, त्याच्या पुण्यतिथीला, तेवढी ही बस येते.

नियम सोपा: चिठ्ठीवर आजाऱ्याचं नाव,
आणि त्याच्या आईचं.
बापाचं नाही.
आम्हा कोकणातल्यांची जन्मभराची सवय
मधे बापाचं नाव लावायची.
मी लिहिलं: हेदर.
सहावा महिना, पलंगावरून उठायचं नाही.
आणि पेन थांबलं.

तिच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं.
लग्नाला मी गेले नव्हते.
डोकं दुखतंय म्हणाले होते,
आणि दिवसभर घरातले पडदे धुतले होते.

ब्रेकनच्या पुढे फोनला रेंज आली. मुलाला लावला.
कशाला हवंय तुला?
कशाला ते सांगता येईना.
मराठीचं अक्षर न कळणाऱ्या अकराही बायका गप्प झाल्या.
मग तिकडे खुडबूड, आणि तिचाच आवाज, निजून बोलणारा:
ग्लेनिस.
एकेक अक्षर सुटं करून सांगितलं तिनं,
जसं म्हाताऱ्या माणसाला सांगतात.
मी देवनागरीत लिहिलं, हेदर, ग्लेनिसची लेक.

नवगावला समुद्राजवळ आमचे दोन उंचवटे आहेत.
गलबत फुटलं तेव्हा लाटांनी आणून टाकलेले,
एकात बाप्ये, एकात बाया, असं सांगतात.
ना अक्षर, ना कुणाची आई.
जे वाचले ते तेल गाळायला शिकले, शनिवार पाळत राहिले,
शमाची एक ओळ तोंडात होती,
तेवढ्यावर किती पिढ्या निभावल्या.
लहानपणी तिथं नेलं की मी विचारायची,
यातली आपली कोण?
बाबा म्हणायचे, सगळ्याच धर.

मिस्टर कॅट्झ फाटकाबाहेर थांबतात. कोहेन.
मेलेल्यांजवळ जायची त्यांना मुभा नाही.
आईला पुरलं त्या दिवसानंतर
तिच्याकडेही गेले नाहीत,
भिंतीपलीकडून टोपी उंच करतात, म्हणाले.
त्यांची चिठ्ठी घडी घालून माझ्याकडे दिली.
मी ती उघडली नाही.
उघडली, खोटं कशाला बोलू.
आत नुसतं आईचं नाव होतं.
आजारी कोण, ते नव्हतंच.

पावसानं खाल्लेली स्लेटची शिळा, वर खडेच खडे.
दोन्ही चिठ्ठ्या फाडून टाकल्या, तसंच करायचं असतं.
खडा ठेवला.
मनगटावरचं घड्याळ बघितलं.
चालू होतं.

निघताना नळावर हात धुवायचे, पुसायचे नाहीत.
आमचा ड्रायव्हर ग्विलिम बसच्या पायरीवर बसून
माझा मलिदा खात होता, बोटं चाटत,
पोह्यांना काय म्हणतात ते विचारत.
मिसेस टाउब थोडा वेळ बघत राहिली.
मग तिनं ओला हात डब्यात घातला,
कडेचा एक खजूर तेवढा उचलला.
खजुराला देखरेख लागत नाही, म्हणाली.