कळसापासून

माझे वडील कळसापासून सुरुवात करतात.
लास्ताच्या डोंगरात, गावाच्या वर,
अखंड तांबड्या खडकात
त्यांनी आधी छप्पर कोरलं,
मग छपराखालच्या खिडक्या,
मग खिडक्यांखालची भिंत.
पाया सगळ्यात शेवटी येईल.
म्हणजे, आला तर.
एकोणीस वर्षं झाली, दार अजून दगडात आहे.

मी वोल्दियाला मुलांना गणित शिकवते.
सुट्टीत येते, चराच्या काठावर बसते, विचारते:
बाबा, देवळाला उंची कशी येते?
ते म्हणतात, खणून.

एका उन्हाळ्यात पाटीवर लिहून दाखवलं:
एक अधिक एक अधिक एक.
त्यांनी बोटं मोजली. तीन, म्हणाले.
आणि रविवारी केस मेलाकूंच्या मागे
काठीवर रेलून, साडेतीन तास,
तिघांना एकच म्हणत उभे राहिले.
"बाजारात तीन," परतताना म्हणाले.
"बाजारात मी विकायला जातो."

हा माणूस भोळा नाही.
तेफच्या पोत्यात मूठभर खडे मिसळले
तर नुसतं उचलून सांगतो.
मेंढरांच्या सौद्यात त्याला अजून कुणी फसवलेलं नाही,
माझा भाऊ सोडून.

गेताहूनने दोन्ही बैल विकले
आणि तो जिबूतीच्या रस्त्याला लागला.
तेव्हापासून शेत भाड्याच्या बैलांनी नांगरतात,
भाडं माझ्या पगारातून जातं,
आणि रात्री दाराला अडसर नसतो.
या डोंगरात तरस उंबऱ्यापर्यंत येतं.
मी अडसर लावते,
पहाटे तो काढलेला असतो.

नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून
हरवलेल्या एकामागे गेलेल्या मेंढपाळाचं गणित
मी वर्गात सोडवायला घातलं होतं.
फळ्यावर तोटा निघाला.
बाबांना सांगितलं, जरा जिंकल्यासारखं.
छिन्नी थांबवून ते हसले:
"कुठलाच मेंढपाळ असं करायचा नाही.
मी तर नाहीच. तरस दहा नेईल.
म्हणूनच कळतं ना,
ती गोष्ट मेंढपाळाची नाही."

मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.
आणि नव्व्याण्णवातल्या मेंढीने काय समजायचं, बाबा?
जी कुठेच गेली नाही?
जिच्या मागे यायची कुणाला वेळच आली नाही?

त्यांनी खपल्यांची टोपली वर सरकवली.
मी ती दरीत रिकामी केली,
लहानपणापासून करते तशी.
किती फेकलं, कुणी मोजलेलं नाही.
जे फेकायचं राहिलं
त्यालाच हे लोक देऊळ म्हणतात.

संध्याकाळी पहिल्यांदाच शिडीने तळाशी उतरले.
वरून जो खड्डा होता
त्याच्या भिंती डोक्यावर चढत गेल्या,
आणि मी, उंचीने बाबांहून वीतभर जास्त,
मान मागे टाकून टाकून बघत राहिले.
गार होतं. दगडाचा वास होता.
श्रद्धा वगैरे काही वाटली नाही. मान दुखली.

त्या रात्री तरस जवळच ओरडत होतं.
अडसर हातात घेऊन मी दाराशी उभी राहिले.
बाभळीचा, जड, बाबांनीच तासलेला.
आत ते घोरण्याचं सोंग करत होते,
दर श्वासाला थांबून कान देत.

मी अडसर भिंतीला टेकवला.
हिशेब पुन्हा करून पाहिला, पुन्हा तोटाच आला.
मग घोंगडी ओढली
आणि उघड्या दारात आडवी झाले.