पांढरा साका

बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा एकही नको.
बुडबुडा म्हणजे खोटी साक्ष, तुळजाराम,
मुंगीबाई म्हणायच्या.
एकतीस वर्षं मी त्यांच्या बाटल्या धुतल्या,
दर शनिवारी सकाळी सहाला
कृष्णपुऱ्याच्या पुलावरून दोरीने खाली सोडल्या.

इंदूर तिला नाला म्हणे.
बाई वहीत दर वेळी पूर्ण लिहीत : कान्ह नदी.
पालिकेच्या एका साहेबाने विचारलं, "मॅडम, कुठंय नदी?"
बाई म्हणाल्या, बूट काढा, दाखवते.

एक मिली मँगनीज, एक मिली आयोडाइड,
बाटली उलटसुलट करून थांबायचं.
साका तपकिरी बसला तर पाण्यात श्वास आहे.
पांढरा बसला तर नाही.

हे कुणाला पटायचं नाही.
सुनावणीत कारखान्याचा वकील हसला,
"पांढरं म्हणजे स्वच्छच की, डॉक्टर!"
बाईंनी कच्च्या नमुन्याचं बूच काढलं,
बाटली त्याच्या कागदांवर ठेवली
आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.
तो खटला आम्ही हरलो.
खोलीच्या खिडक्या तेवढ्या उघडल्या गेल्या.

लग्नाचं विचारणारे थांबले, त्याला कारण
रामबागेतल्या फडताळातला एक डबा.
त्यांच्या आईने पोह्यांचा समजून उघडला,
आत गाळातल्या अळ्या, कुंकवासारख्या लाल.
मेल्या नदीत याच जगतात, बाई कौतुकाने सांगत,
जशी एखादी आपल्या वर्गातल्या हूड मुलांबद्दल सांगते.

मग काठाला भिंती आल्या, भिंतींवर मासे रंगवले.
बाई काठी टेकत बघायला गेल्या.
"मरळीला मिशा काढल्यात," एवढंच बोलल्या,
आणि रिक्षात बसेपर्यंत मागे वळून बघत राहिल्या.

या माघात त्यांना उठवेना.
मी एकटाच पुलावर गेलो,
थंडीनं हात कापत होता.
साका बसला. तपकिरी नव्हे, पांढराही नव्हे,
दुधात चहाचा थेंब पडावा तसा.
दोनदा मोजलं. खाटेशी जाऊन आकडा सांगितला :
शून्य पूर्णांक आठ.

बाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, आठच लिही,
एक करू नकोस.
मग बऱ्याच वेळाने,
"बुडबुडा नव्हता ना रे?"

नव्हता, म्हणालो.

सगळ्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या त्या रात्री.
ती एक
अजून तशीच आहे.