हवेची होडी

होडी परकारने आणली होती.
मत्राच्या बाजारातून, सतरा रियालला, घासाघीस करून.
पिवळी, रबरी, घडी घातली की गोधडीएवढी.
"दाभोळचा माणूस मी," म्हणाला,
"तळं आहे म्हणता, नि होडीशिवाय येऊ?"

बिरकत अल मौजच्या चौकीवर पोलिसाने
गाडी फोर बाय फोर आहे ना ते पाहिलं,
मागे होडी पाहिली,
मग आमची तोंडं पाहिली,
आणि काही न बोलता कागद परत दिले.
त्या न बोलण्याचा अर्थ
दोन हजार मीटरवर कळायचा होता.

खाली रुवीत चव्वेचाळीस.
चढावर एसी बंद केला, काचा उतरवल्या.
वळणागणिक आकडे गळत गेले,
अडतीस, तेहतीस,
सव्वीसला इरावतीने ओढणी कानांवरून घेतली
आणि हसली.
मार्चनंतर पहिल्यांदाच तिला थंडी वाजत होती.

मी कडे पाहत होतो.
"लाव्हा," सगळ्यांना सांगत होतो, "आपलाच लाव्हा.
हे बघा थर, ही बघा पायरी,
हरिश्चंद्रगडाचा चुलतभाऊ."
दगडातलं मला तेवढंच येतं.
सातवीत बेसॉल्ट लिहून दोन मार्क मिळाले,
तेव्हापासून दिसेल त्या काळ्या डोंगराला
मी सोयरा मानत आलो.

मग झाडं. अलअलान म्हणतात इथे.
अंगाला पीळ, अर्धं वाळलेलं, अर्धं हिरवं,
माझ्या आज्याहून म्हातारं झाड
जेमतेम माझ्या खांद्याला लागत होतं.
काडी मोडून हुंगली तर
नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा वास.

आणि तळं.
म्हणजे बंधारा होता. भिंतीवर पाण्याची पातळी मोजायचे आकडे होते
शून्यापासून सहापर्यंत.
शून्याच्याही खाली
भेगाळलेला गाळ, बकऱ्यांच्या लेंड्या,
एक निळी चप्पल, डाव्या पायाची.

कुणीच बोललं नाही.
परकारने पंप काढला,
पायाने दाबत राहिला, फुस्स, फुस्स,
होडी उठून बसेपर्यंत.
"आणलीय तर फुगवू."
आम्ही तिघं आत बसलो. वल्ही मांडीवर.
थर्मासमधला चहा ओतला, एक थेंब न हिंदकळता.

बकऱ्यांमागून एक म्हातारा आला. नाव सैफ.
हसला नाही. काठावर चप्पल काढली
आणि होडीत येऊन बसला,
जणू तरीचं भाडं आधीच दिलं होतं.
ओंजळभर जर्दाळू ठेवले मधोमध.

मी त्यालाही लाव्हा दाखवला.
हात करून, तोंडाने आगीचा आवाज काढून.
त्याने खाली, दूरच्या काळपट टेकड्यांकडे बोट केलं:
त्या, हो, आग.
मग पायाजवळचा एक दगड उचलला,
थुंकी लावून अंगठ्याने पुसला.
दगडात शिंपला होता, रेघांसकट.
"बहर," म्हणाला.

मी आजूबाजूला फुलं शोधू लागलो.
"अरे, बहर म्हणजे दर्या," परकार म्हणाला,
आणि एकदम गप्प झाला.
थोड्या वेळाने त्याने वल्हं उचललं,
गाळावर टेकवलं, खोली पाहावी तसं.

रात्री तिथेच झोपलो, तिघं, वाकडेतिकडे.
वारा सुटला तेव्हा होडी जराशी सरकली.
परकार झोपेत कुणाला तरी दोर आवळायला सांगत होता.

सकाळी हवा सोडवेना कुणाला.
टपावर बांधली, तशीच उतरलो.
प्रत्येक वळणाला ती मऊ पडत गेली,
चौकीवर आलो तेव्हा
दोन्ही टोकं मान टाकलेली.
पोलीस तोच होता. या वेळी त्याने विचारलं,
"मासे?"
इरावतीने जर्दाळूची बी दाखवली.

रुवीत, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये,
परकारने बूच उघडलं.
आम्ही तिघंही नकळत वाकलो.
रबराचाच वास होता बहुतेक.
इरावती म्हणते, नाही, पेन्सिलीचा.